तिसरी साइडिंग

आमच्या घरात आगगाडी छताला टांगलेली आहे, असं मी शाळेत सांगितलं की मुली हसायच्या. मी थापा मारते असंच त्यांना वाटायचं. पण त्यात थाप काहीच नव्हती. डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांत आई, बाबा, मी आणि बाबांचा धाकटा भाऊ, म्हणजे भाऊकाका, अशी चार माणसं, एक शिवणाचं मशीन, पाण्याचं पिंप आणि धान्याचे डबे एवढं सगळं कसंबसं मावायचं. त्यात काकाच्या खेळातल्या आगगाडीची सहा फूट लांब आणि चार फूट रुंद फळी ठेवणार कुठं? म्हणून काकानं बाहेरच्या खोलीच्या छताला चार कप्प्या ठोकल्या आणि फळीच्या चार कोपऱ्यांना दोर बांधून ती वर चढवली. आठवडाभर आम्ही त्या फळीखाली जेवायचो. बाबा पहिला घास घेण्याआधी एकदा वर बघून घ्यायचे. रविवारी जेवणं उरकली, आईनं फरशी पुसली, की दोन पत्र्याच्या पेट्या मधोमध ओढल्या जायच्या आणि काका म्हणायचा, "मिने, तुझा दोर धर. सोड... सोड... हळू, बाई, हळू!" फळी पेट्यांवर टेकली की जो धप्प आवाज व्हायचा तो ऐकल्याशिवाय मला रविवार आल्यासारखं वाटायचं नाही.

काका तेव्हा तिशीला टेकला होता. एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत इलेक्ट्रिशियन होता, सायकलवरून जायचा-यायचा. त्याच्या शर्टाला सडक्या बदामासारखा एक वास कायमचा चिकटलेला असायचा. आई ते शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची. कंपनीत मशीन बसवायला आलेल्या एका जर्मन इंजिनिअरनं परत जाताना काकाला एक खोका दिला होता. त्यात दोन इंजिनं, एक हिरवं आणि एक काळं, पाचसहा डबे आणि थोडेसे रूळ. एवढ्या रुळांत गाडी धड गोल फिरेना. मग काकानं पितळेच्या पट्ट्या घासून घासून उरलेले रूळ घरीच बनवले. सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवतात ती जागा, तो सायकलच्या स्पोकनं ओढायचा. ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळलेला. आई कुरकुरायची, डाळीत लाकडाचा भुसा निघतो म्हणायची, म्हणून त्यानं फळीवरच्या एकुलत्या एका स्टेशनाला तिचं नाव देऊन टाकलं, कुसुमवाडी. त्यानंतर आईची कुरकुर थांबली नाही, पण तिचा सूर बदलला. कोणी पाहुणा आला की तीच म्हणायची, "भाऊजी, जरा माझं स्टेशन दाखवा की."

पाहुण्यांना गाडी धावताना बघायची असायची. मला ती उभी असलेली आवडायची. कुसुमवाडीच्या मागं, भिंतीच्या बाजूला, तीन साइडिंगं होती. मुख्य रुळावरून फुटून बाजूला जाणारे तीन आंधळे फाटे, गाडी उभी करायला. आता प्रश्न असा, की सगळ्या रुळांतून एकच वीज वाहते. ट्रान्सफॉर्मरचं चाक फिरवलं की फळीवर जेवढी इंजिनं असतील तेवढी एकदम धावू लागणार. मग एक फिरतंय आणि दुसरं शांत उभं आहे, हे करायचं कसं? काकानं प्रत्येक साइडिंगच्या एका रुळाला करवतीनं बारीक चीर पाडली होती आणि त्या फटीत आईच्या मोडक्या कंगव्याचा तुकडा घासून बसवला होता. वीज तिथं येऊन थांबायची. फटीपलीकडच्या रुळाला वेगळी लाल वायर, ती फळीखालून थेट काळ्या बटणापर्यंत. बटण खाली केलं तर साइडिंग जिवंत, वर केलं तर मेलेली. पण काका 'मेली' म्हणायचा नाही. तो म्हणायचा झोपली. "मिने, दोन नंबर झोपव." मग मी खट्कन बटण वर करायची. पस्तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं, सर्किटं काढून काढून फळे झिजवले, पण परिपथ खंडित झाला असं म्हणताना दर वेळी माझ्या मनात साइडिंग झोपायची.

पहिल्या दोन साइडिंगचं वायरिंग काकाचं होतं. तिसरी माझी. मी तेरा वर्षांची होते आणि ती पुरी व्हायला मला चार रविवार लागले. फळी खाली असली की मी तिच्याखाली उताणी पडून वायरींना कथिलाचे डाग द्यायची. राळेचा धूर डोळ्यांत जायचा, वितळलेलं कथिल एकदा गालावर पडलं, त्याची खूण अजून आहे. काका टॉर्च घेऊन वाकून बघायचा. "हा डाग आहे का डिंकाचा लाडू? काढ. परत दे." रडू यायचं, पण मी परत द्यायची. चौथ्या रविवारी त्यानं रुळावर टॉर्चचा बल्ब टेकवला. बटण खाली, बल्ब पेटला. बटण वर, विझला. दहा वेळा केलं, दहाही वेळा बरोबर. तेव्हा तो आत वळून आईला म्हणाला, "वहिनी, आजपासून तीन नंबरची मालकीण ही. मी पण विचारून हात लावीन." आणि खरोखरच तो विचारायचा. त्यानंतर मला आयुष्यात बरंच काही मिळालं, मुख्याध्यापिकेची खुर्चीसुद्धा. पण ते मालकीणपण मिळालं तेव्हा जेवढी खुशी झाली तेवढी परत झाली नाही, हे मी अगदी खरं सांगते.

मग नलिनीचं स्थळ आलं. ठाण्याला कोपरीत राहणारी, रेडिओचे भाग जोडण्याच्या कारखान्यात कामाला. वडील नव्हते, आई आणि मामा सगळं बघायचे. बाबा, आई आणि काका मुलगी बघून आले. मला नेलं नाही. काका आला तो चप्पल न काढताच आत आला. "वहिनी, ऐकलंत ना तिनं काय विचारलं? एक इंजिन चालू असताना दुसरं थांबवता कसं, असं विचारलं! आजवर कुणी विचारलंय?" जेवताना त्यानं ते परत सांगितलं. हात धुताना परत. बाबा हसून म्हणाले, "अरे भाऊ, कळलं आम्हाला. लग्न कर, मग रोज विचारील." मी पानातली आमटी ढवळत बसले. कुणी विचारलंय म्हणजे काय? मी काय विचारलं नव्हतं?

पुढच्या पंधरा दिवसांत मला एकेक गोष्ट कळत गेली, कुणी मुद्दाम न सांगता. लग्नानंतर काका ठाण्याला खोली घेणार, कारण तिची नोकरी तिथं. फळी जाणार. कप्प्या निघणार, छताला चार भोकं राहणार. आणि एका रविवारी मी काकाच्या शेजारी बसले असताना तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "चौथी साइडिंग टाकू आता. तिला डाग देता येतो. तिचा हात तर कारखान्यात तयार झालेला, मिने, बघ तू, एका दिवसात करील." माझे चार रविवार एकदम कवडीमोल झाले. मला त्या बाईचा इतका राग आला की तिचं तोंडही न बघता मी तिला नकटी ठरवून टाकलं.

चैत्रातला रविवार ठरला. मुलीकडची मंडळी मुलाचं घर बघायला येणार. आईनं आदल्या दिवशी हरभऱ्याची डाळ भिजत घातली होती. सकाळपासून कैरी किसण्याचा, फोडणीच्या हिंगाचा आणि पन्ह्यातल्या वेलचीचा वास दोन्ही खोल्यांत कोंडला होता. फळी त्या दिवशी सकाळीच खाली उतरवली. काकानं सगळे रूळ रॉकेलच्या फडक्यानं पुसले, तिन्ही साइडिंगं बल्ब लावून तपासली. मग काळं इंजिन तीन नंबरमध्ये उभं केलं. "तुझ्याच साइडिंगमधे ठेवतो, मिने. सगळ्यांत भरवशाची." आणि तो पन्ह्यासाठी बर्फ आणायला गेला. आई मोरीत होती, बाबा दाढी करत होते. आम्ही मुली तेव्हा चॉकलेटची चांदी नखानं गुळगुळीत करून पुस्तकात ठेवायचो. मी भूगोलाच्या पुस्तकातली एक काढली, नखाएवढा तुकडा फाडला आणि तीन नंबरच्या फटीवर बोटानं दाबून बसवला. कंगव्याचा तुकडा झाकला गेला. वीज आता चांदीवरून पलीकडे जाणार होती, बटण कसंही असलं तरी. दोन इंजिनं एकदम हलतील, काकाची फजिती होईल, ती बाई फिदीफिदी हसेल आणि काकाला ती आवडेनाशी होईल. तेरा वर्षांच्या डोक्यात एवढंच होतं. स्टेशनाच्या मागं असल्यामुळे पुढून ते दिसत नव्हतं.

नलिनी नकटी नव्हती. बारीक, सावळी, केस घट्ट बांधलेले, आणि उजव्या हाताच्या बोटांवर माझ्या गालावर आहे तसल्याच खुणा. तिची आई फारसं बोलली नाही. बोलले ते मामा. कल्याणच्या यार्डात सिग्नल केबिनमधे त्यांची सगळी नोकरी गेली होती. गाड्या कुठल्या रुळावर घ्यायच्या, कुठं उभ्या करायच्या, ते सगळं त्यांच्या हाताखालच्या दांड्यांवर चालायचं. आंब्याची डाळ त्यांनी दोनदा घेतली, पन्ह्याची तारीफ केली, आणि मग फळीजवळ येऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. "वा! सांधे बरोबर टाकलेत. आणि उभ्या गाडीचं काय? आमच्याकडे एकदा साइडिंगला डबे सुटलेले, तेव्हा मी नवीन होतो. तीन दिवस जेवण गेलं नव्हतं मला." काकाचा चेहरा उजळला. तो त्यांना फट दाखवू लागला, बटणं दाखवू लागला. मामा मान डोलवत होते. बाबांनी आईकडे बघून डोळ्यांनीच सांगितलं, जमलं. मला ते दिसलं. तेव्हा मी पुढं होऊन चांदी काढू शकले असते. काढली नाही.

"तीन नंबर झोपव गं, मिने," काका म्हणाला. सगळ्यांसमोर, मला मान देऊन. मी बटण वर केलं. त्यानं चाक फिरवलं. हिरवं इंजिन डबे घेऊन निघालं, सगळ्यांच्या माना त्याच्याबरोबर फिरल्या. मी एकटी स्टेशनाकडे बघत होते. काळं इंजिन कुसुमवाडीच्या मागून मुकाट्यानं निघालं, सांध्यावर आलं, आणि वळणावरून आलेल्या हिरव्या इंजिनाच्या कुशीत घुसलं. काकानं चाक उलटं फिरवलं, पण उशीर झाला होता. दोन्ही इंजिनं आणि तीन डबे फळीवरून खाली फरशीवर गेले. काळ्या इंजिनाची चाकं वेगळी होऊन थेट मामांच्या पायाशी घरंगळत गेली.

कुणी हसलं नाही. काका गुडघ्यांवर बसून तुकडे गोळा करू लागला. बाबा आणि आईही खाली वाकले. तेवढ्यात नलिनी फळीवर ओणवी झाली आणि तिनं नख रुळावरून सावकाश फिरवत नेलं, कामावर रोज करत असणार तसं. तीन नंबरच्या फटीशी ते नख थांबलं. तिनं चांदीचा तुकडा उचलला, उजेडात धरला आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असणार. तिनं मूठ मिटली.

"काय झालं हो?" मामांनी विचारलं. आवाज एकदम केबिनमधला.

काका उठला. त्याच्या हातात मोडकं इंजिन होतं. तीन नंबर माझी होती, वायरिंग माझं होतं, आणि चूक माझ्या डागात असणार असंच त्याला वाटलं असणार. तो म्हणाला, "चूक माझी. साइडिंग नीट तपासली नाही मी."

नलिनीनं बोलायला तोंड उघडलं. मी मान हलवली. अगदी थोडी. नको, म्हणून. तिनं मूठ पदराआड घेतली.

मामांनी पायाशी आलेली चाकं उचलून फळीवर ठेवली. मग म्हणाले, "खेळणं आहे, मान्य. पण उभी केलेली गाडी आपोआप सुटली, आणि उभी करणारा म्हणतो मी तपासलं नाही. आमच्यात याला माफी नसते, साहेब. राग मानू नका." आईनं पन्ह्याचा आग्रह केला, तो कोणी घेतला नाही. चपला घालताना सगळे पुढं गेले तेव्हा नलिनी मागं थांबली. तिनं वाकून मला हळूच सांगितलं, "मी नाही सांगणार, बाळ. तूच सांग. लगेच सांग, काय? मामा ओरडतात, पण ऐकतात." तिच्या हाताला राळेचा वास होता. माझ्या हाताला यायचा तसाच.

मी सांगितलं नाही. आठ दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला, योग दिसत नाही. ते आठही दिवस माझ्या हातात होते. दर रात्री ठरवायचं, सकाळी काका हसून केसांची वेणी ओढायचा आणि मी दप्तर उचलून शाळेत पळायची. पुढच्या रविवारी फळी उतरली. काकानं मला टॉर्च धरायला सांगितला आणि तीन नंबरचा एकेक डाग तपासला. बल्ब लावला. पेटला, विझला. पेटला, विझला. "काहीच चूक नाही गं," तो पुटपुटत राहिला, "मग सुटली कशी?" माझ्या टॉर्चचा उजेड भलतीकडेच पडत होता, तर म्हणाला, "दमलीस? ठेव." त्यानंतर त्यानं काळं इंजिन दुरुस्त केलं, पण दोन इंजिनं फळीवर एकत्र कधी ठेवली नाहीत. आईनं आणखी स्थळं आणली. तो बघायला जायचा, परत यायचा आणि नाही म्हणायचा. चौथी साइडिंग झाली नाही. मला हवं होतं तेच सगळं झालं. काका कुठं गेला नाही, फळी गेली नाही, रविवारी दोर धरायला मीच होते. आणि मला तो धप्प आवाज नकोसा होऊ लागला.

कॉलेजात असताना एकदा मी कोपरीला गेले होते. पत्ता बाबांच्या जुन्या डायरीत सापडला होता. दारावर दुसऱ्याच नावाची पाटी होती. शेजारच्या बाई म्हणाल्या, "नलू होय? ती लग्न होऊन गेली गं, नाशकाकडे कुठंतरी. तू कोण?" मी कोणीच नाही म्हटलं. खोटं नव्हतं ते. मी तिची पुतणी व्हायची होते, झाले नाही. अजूनही कधी कथिल वितळताना वास आला, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाशी वगैरे, की मी उगाच थांबते. त्या बाईबरोबर फळीखाली उताणं पडून मी चौथ्या साइडिंगचे डाग दिले असते. दोघींनी मिळून काकाला सतावलं असतं. जे माणूस घरात पाऊण तास होतं त्याची इतकी वर्षं आठवण कशी येते, ते मला सांगता येत नाही. पण येते.

आई-बाबा गेले, डोंबिवलीची बिल्डिंग पाडायला निघाली, तेव्हा काका ठाण्यात आमच्याकडे खोपटला राहायला आला. आता त्यानं ऐंशी पार केली आहे. सकाळी गॅलरीत बसतो, डेपोतून निघणाऱ्या एसटी बघतो. ही आठवण लिहायला घेतली तेव्हा मी त्याला रोज थोडं थोडं वाचून दाखवत होते. तो चुका काढायचा. जर्मन पोरगेलासा नव्हता, चांगला टकलू होता. स्टेशनाचं छप्पर हिरवं. मी दुरुस्त करत गेले आणि चैत्रातल्या रविवारपाशी आले. कागद बाजूला ठेवला. चांदीचं सांगितलं. भूगोलाचं पुस्तक, नखाएवढा तुकडा, सगळं. माझा आवाज साठी उलटलेल्या बाईचा राहिला नाही.

काका ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे तुझं वायरिंग बरोबर होतं तर." आणि चक्क खूश झाला. "मी म्हणत होतोच!"

"काका, तिला ठाऊक होतं," मी म्हटलं. "चांदी तिलाच सापडली. तिनं मुठीत धरून ठेवली. मला म्हणाली, तूच सांग."

त्याचं हसू तसंच राहिलं, पण डोळे माझ्यावरून निघून गेले. "तिला ठाऊक होतं?"

"हो."

"म्हणजे चूक माझी नव्हती, हे माहीत होतं तिला?"

"पहिल्यापासून, काका."

त्यानं दोन्ही हात मांडीवर नीट ठेवले. खाली डेपोत कुणीतरी पनवेल, पनवेल ओरडत होतं. "मला वाटायचं," तो म्हणाला, "ती म्हणत असेल, याला साधी एक गाडी उभी करता येत नाही. कुठल्या तोंडानं जायचं तिच्या दारात? म्हणून नाही गेलो." मग त्यानं माझ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"अगं, मी गेलो असतो, मिने," तो म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी गेलो असतो."